भाचीचे वसतिगृह आणि बदलापूरची लोकल

माझ्या भाचीला कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत माटुंग्याला अभियांत्रिकीची जागा मिळाली आणि पेढे वाटून होण्यापूर्वीच घरात प्रश्न उभा राहिला, की तिने बदलापूरहून रोज ये-जा करायची की वसतिगृहात राहायचे. स्वतःचे घर असताना मुलीला बाहेर ठेवायचेच कशाला, असे ताईचे म्हणणे. भावोजींनी वसतिगृहाचे शुल्क आणि मेसचे बिल एका बाजूला, विद्यार्थी सवलतीचा रेल्वेचा त्रैमासिक पास दुसऱ्या बाजूला, असा हिशेब मांडला आणि कागदावर घर सहज जिंकले. त्यातल्या एकाही आकड्याला माझी हरकत नाही. त्या हिशेबात वेळेचा रकानाच नाही, याला आहे.

मी त्या मार्गाने दोन वर्षे प्रवास केला आहे. बदलापूर ते दादर हे अंतर सुमारे ६० किलोमीटर, जलद लोकलला साधारण सव्वा तास लागतो. माटुंग्याला जायचे तर घाटकोपर किंवा कुर्ल्याला उतरून धीमी गाडी पकडावी लागते. घरापासून स्टेशन, फलाटावरचे ताटकळणे आणि उतरल्यावरची पायपीट धरली, की दिवसाचे चार तास जातात. गाडीत अभ्यास होतो असे सांगणाऱ्यांनी सकाळी महिलांच्या डब्यात चौथ्या सीटवर बसून पाहावे. अर्धे शरीर बाकाबाहेर, मांडीवर दप्तर, दप्तरावर जर्नल, आणि ठाणे आले की पान उलटायला कोपर हलवण्याइतकीही जागा उरत नसे. पावसाळ्याचे तर विचारूच नये. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते याच रुळांवर.

तरीही प्रवासापेक्षा मोठी गोष्ट घरी पोहोचल्यावर सुरू होत असे. साडेसातला दारात पाऊल ठेवावे, तर आई ओट्याशी कणीक मळत उभी असे. मला काम कोणी सांगत नसे, हे मी मुद्दाम लिहिते. पण ती दमलेली दिसत असताना पुस्तक उघडून बसणे मला जमत नसे, म्हणून मी पोळ्या लाटायला घेत असे. पाहुणे आले की चहा, धाकट्याची शिकवणी, आजीच्या गोळ्या. यात अन्याय नव्हता, माया होती, आणि म्हणूनच नाही म्हणता येत नसे. घरी राहणारी विद्यार्थिनी घरच्यांच्या दृष्टीने आधी घरातली मुलगी असते.

तिसऱ्या वर्षी मला वसतिगृहात खोली मिळाली. तीन लोखंडी कॉट, एका खणाचे टेबल, आठवड्यातून चारदा तीच पातळ आमटी, आणि घरी जायचे तर खाडा पडावा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा व्हावेत, म्हणून मेसमध्ये आधी नोंद करायची. परंतु त्या टेबलाशी बसल्यावर मला कोणी हाक मारत नव्हते. रात्री अकराला एखादे गणित अडले, की शेजारच्या खोलीचे दार वाजवता येत असे. मला कळलेले निम्मे शिक्षण त्या दारांमागे झाले. याची किंमतही मी मोजली. बाबा आजारी होते त्या हिवाळ्यात मी फक्त शनिवार-रविवारी त्यांच्याजवळ होते आणि ती रुखरुख अजून गेलेली नाही.

आमचे आजोबा कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकले. शाहू महाराजांनी १९०१ पासून तिथे एकामागून एक वसतिगृहे उभी केली, कारण खेड्यातल्या मुलाला शाळेत जागा मिळाली तरी राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर ती जागा व्यर्थ आहे, हे त्यांनी ओळखले होते. आजोबा म्हणत, की बोर्डिंग नसते तर ते गुरांमागेच राहिले असते. भाचीची अडचण तेवढी बिकट नाही, हे मला कळते. पण शिकणाऱ्याला स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा लागते, ही गरज तीच आहे.

म्हणून मी ताईला सांगितले, की निदान पहिली दोन सत्रे तिला तिथे ठेव, मेसचा खर्च मी देते. भाचीने स्वतः काहीच मत दिले नव्हते. काल रात्री तिने मला वसतिगृहाचा अर्ज पाठवला. स्थानिक पालकाच्या रकान्यात तिने माझे नाव आधीच लिहिले आहे, आणि पालकांच्या सहीची जागा अजून रिकामी आहे.