जुन्या प्रोसेसरमध्ये राहिलेली किल्ली

मी ऑफिसात पीसी सांभाळायचं काम करतो आणि प्रोसेसर बदलायचा म्हटलं की समोरून पहिला प्रश्न हमखास येतो, फॉरमॅट मारावा लागेल का? त्या दिवशी व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या ताईंनीही तोच विचारला. म्हटलं नाही हो ताई, काही जाणार नाही, तासाभरात मशीन परत देतो.

आणि ते खरंच होतं. फॉरमॅटची भीती विंडोज एक्सपीच्या काळातली आहे, तेव्हा विंडोज टाकतानाच हॅल, म्हणजे विंडोज आणि हार्डवेअरमधला दुवा, ठरायचा, सिंगल कोअरचा वेगळा आणि मल्टिप्रोसेसरचा वेगळा, शिवाय इंटेलवर टाकलेलं विंडोज एएमडीवर नेलं की इंटेलचा पॉवर मॅनेजमेंटचा ड्रायव्हर कधीकधी बूट होतानाच निळी स्क्रीन दाखवायचा. एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून विंडोज हे बूट होताना स्वतःच बघून घेतं. आणि इथे तर मदरबोर्ड तोच राहणार होता, बी४५० चिपसेटचा, त्यावरचा रायझन ५ २६०० काढून रायझन ७ ५७००एक्स बसवायचा, म्हणजे ६ कोअरचे ८ होणार. दोन्ही ६५ वॅटचे, त्यामुळे कूलरही जुनाच चालणार होता. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर, आधीच कुणीतरी अपडेट केलेलं, नवीन प्रोसेसर त्याच्या यादीत होता. मी एवढंच तपासलं आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. अजून एक गोष्ट बघायला हवी होती ती मी बघितली नाही.

काढताना नेहमीची काळजी घेतली. ह्या बोर्डच्या एएम४ सॉकेटला पिना प्रोसेसरलाच असतात, पेस्ट सुकली असेल आणि कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, म्हणून आधी दहा मिनिटं रेंडर लावून मशीन गरम केलं, मग बंद करून कूलर हळूहळू डावीउजवीकडे फिरवत सोडवला. जुना प्रोसेसर पुसून नव्याच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवला. नवीन बसवला, सोनेरी त्रिकोण त्रिकोणाला जुळवून, अजिबात न दाबता, तो स्वतःच्या वजनाने आत बसतो तेव्हाच समजायचं की बरोबर बसलाय.

चालू केलं. काळ्या स्क्रीनवर मेसेज आला की नवीन सीपीयू लावलाय, एफटीपीएमची (प्रोसेसरमधल्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागाची) नोंद जुळत नाही, रीसेट करायचा असेल तर वाय दाबा पण बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की शिवाय मशीन बूट होणार नाही, आणि एन दाबलंत तर जुनी नोंद तशीच ठेवून पुढे जाऊ. हा मेसेज मी बऱ्याचदा बघितलाय आणि बरेच जण न वाचता वाय दाबतात कारण वाय म्हणजे पुढे चला असंच डोक्यात असतं. मी एन दाबलं. निळी स्क्रीन आली आणि तिने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली.

ताईंना विचारलं, हे एन्क्रिप्शन कुणी चालू केलं? त्यांना तो शब्दच नवीन होता. मशीन त्यांच्याकडे आलं ते आधीच सगळं टाकून, विंडोज ११ एका जुन्या सहकाऱ्याने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केलेलं आणि तो नोकरी सोडून गेलेला. विंडोज ११ बऱ्याच मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट करतं आणि की त्याच अकाउंटवर जाऊन पडते. म्हणजे की त्याच्याकडे. त्याला फोन लावला तर लागला नाही. बॅकअप कधीचा विचारलं तर तीन आठवड्यांपूर्वीचा, आणि त्यानंतरचं सगळं शूट ह्याच ड्राइव्हवर.

ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या खुर्चीवर बसल्या. तो क्षण मी विसरणार नाही, कारण काही जाणार नाही हे मीच म्हणालो होतो.

आता नेमकं काय झालं होतं ते सांगतो. बोर्डवर टीपीएमची, म्हणजे किल्ल्या सांभाळायची, वेगळी चिप असेल तर प्रोसेसर बदलून त्यातल्या किल्लीला काही होत नाही. पण एफटीपीएम हा प्रोसेसरच्या आतल्या फर्मवेअरमध्ये चालतो. त्याचा डेटा बोर्डवरच्या बायोसच्या चिपमध्येच असतो, पण तो उघडायचं गुपित त्या एका प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्ये असतं, त्याच मॉडेलचा दुसरा आणला तरी उघडत नाही. म्हणजे ताईंच्या ड्राइव्हची किल्ली ह्या क्षणी टेबलावरच्या त्या प्लास्टिकच्या डबीत होती. वाय दाबलं असतं तर बायोसने जुनी नोंद पुसून टाकली असती आणि मग तो प्रोसेसर परत लावूनही उपयोग नव्हता.

डबी उघडताना माझे हात थरथरत होते. अर्ध्या तासापूर्वी तो काढून टाकलेला जुना प्रोसेसर होता, आता त्याच्या १३३१ पिनांपैकी एक जरी वाकली असती तरी सगळं अडलं असतं. उजेडात आडवा धरून प्रत्येक ओळ नजरेखालून घातली, दोन्ही दिशांनी. सगळ्या सरळ होत्या. नवीन काढला, जुना बसवला, पेस्ट पुन्हा लावली, बायोसमध्ये जाऊन एफटीपीएम चालू आहे ना बघितलं आणि सेव्ह करून बाहेर पडलो. विंडोजचं गोल फिरायला लागलं. मग ताईंची लॉगिनची स्क्रीन, त्यांचा पिन, त्यांचा डेस्कटॉप. ताई तेव्हा कुठे उठून जवळ आल्या.

सगळ्यात आधी शूट बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपीला लावलं, दुसरं काही करायच्या आधी. मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये मॅनेज-बीडीई ह्या कमांडने रिकव्हरी की बघून घेतली आणि प्रोटेक्टर, म्हणजे बिटलॉकरची कुलपं, डिसेबल केले, रीबूट काउंट शून्य देऊन, नाहीतर ते एका रीबूटनंतर आपोआप परत चालू होतात आणि अशा कामात मशीन किती वेळा बंद-चालू होईल सांगता येत नाही.

कॉपी पूर्ण झाल्यावर दुसऱ्यांदा नवीन प्रोसेसर बसवला, तोच मेसेज आला, ह्यावेळी वाय दाबलं. विंडोज सरळ आत गेलं. पिन तेवढा चालला नाही कारण तोही टीपीएमलाच बांधलेला असतो, पासवर्डने लॉगिन करून नवीन पिन टाकला, पासवर्ड ताईंना पाठ होता हे नशीबच. विंडोज ॲक्टिव्हेटेडच होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या खाली १६ ओळी, आधी १२ होत्या. प्रोटेक्टर परत चालू केले.

की मी त्याआधीच, कॉपी चालू असताना, मोठ्या अक्षरात प्रिंट करून दिली होती, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ताईंनी ती स्क्रीनशी ताडून बघितली, मी वाचत होतो आणि त्या कागदावर एकेका गटावर बोट ठेवत होत्या, आठवा गट झाला तेव्हा कॉपी ८२ टक्क्यांवर होती.