बेनच्या वाट्याला आलेला शेवट
आज जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा भयपट पुन्हा पाहिला आणि मन अजून त्यातच अडकले आहे. ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने साकारलेला बेन हा नायक जिवंत झालेल्या प्रेतांपासून बचावासाठी घराच्या दारे-खिडक्यांवर फळ्या ठोकतो, घाबरलेल्या गोऱ्या माणसांना खडसावतो, आणि तरीही त्याच्या वर्णाचा उल्लेख संपूर्ण चित्रपटात एकदाही होत नाही, हे त्या काळच्या अमेरिकेत मोठेच धाडस होते. रात्रभर तग धरलेल्या बेनला सकाळी शोधपथकातील गोरा बंदूकधारी जिवंत प्रेत समजून गोळी घालतो. त्यानंतरच्या भरड, स्थिर छायाचित्रांत त्या माणसांच्या हातांत मांस अडकवायचे खाटकाचे आकडे दिसतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. चित्रपटातील प्रमुख स्त्रीपात्र बार्बरा मात्र बहुतांश वेळ सुन्न बसून राहते. स्त्रीपात्राची ही उपेक्षा मला फार खटकते.