दोन मार्कांचे रांजण

मिक्सरचं भांडं गळ्यापर्यंत भरलं की खालची पाती नुसती घरघरते, वरचं खोबरं जागचं हलत नाही. दोन चमचे काढून घेतले की वाटण लगेच फिरायला लागतं. दुपारी ओट्याशी उभं राहून हे बघताना कुकडी नदी आठवायचं तसं काही कारण नाही. पण निघोजला जाऊन तिच्या पात्रातल्या कातळातले रांजणासारखे खळगे बघून आलेल्या माणसाला ती आठवते.

रांजणखळगे हा शब्द आपल्याकडे शाळेत गेलेल्या बहुतेकांना पाठ असतो. नदीचं खनन कार्य: घळई, धबधबा, रांजणखळगे. आकृती काढा, दोन मार्क. आकृती म्हणजे दोन वाकड्या रेघा, मध्ये चार-पाच गोल, गोलांत पेन्सिलीची टिंबं आणि बाजूला प्रवाहाचा बाण. बाण विसरला की अर्धा मार्क गेला. पेपर संपला की तो शब्द कंपासपेटीतच राहतो, आणि ज्या नदीवरून दोन मार्क कमावले ती पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतकी जवळ आहे, हे ध्यानात येईपर्यंत डोक्यावरचे केस विरळ झालेले असतात.

नगर रस्त्याने शिरूर, तिथून डावीकडे आत साधारण २४ किलोमीटर. नदीच्या एका काठाला पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी, दुसऱ्या काठाला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं निघोज. मळगंगा देवीची देवळं दोन्ही काठांना. अशा ठिकाणी ‘हे आशियात एक नंबर’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच; मान डोलवावी आणि पात्रात उतरावं.

पहिल्यांदा काहीच दिसत नाही. सपाट काळा कातळ, बस्स. चार पावलं टाकली की पायाशी एकदम तोंड उघडतं. काही खळगे वाटीएवढे, काही पुरुषभर खोल. दोन शेजारी खळग्यांमधली भिंत झिजून पडलेली, मग तिथे कमान नाहीतर बोळ झालेला. हे बघायला मान खाली घालावी लागते, म्हणून फोटोत त्याचा फार तर खड्डा होतो.

दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, बेसाल्ट. त्यात भेगा असतात, बुडबुड्यांची भोकं असतात. पुराचं पाणी अशा खाचेवरून जाताना भोवरा धरतं आणि भोवऱ्यात सापडलेला गोटा गरगर फिरत तळ आणि भिंत खरवडतो. पाणी एकटं फारसं काही करत नाही, काम गोट्याचं. उखळ आपोआप होत जातं, मुसळ मात्र वरून वाहत यावं लागतं. गोटा फार मोठा असेल तर फिरत नाही, नुसता बसून राहतो. फार गोटे साठले तरी तळ त्यांच्याखाली झाकला जातो आणि खोदकाम थांबतं. तेच ते, गळ्यापर्यंत भरलेलं भांडं. पुढचा मोठा पूर गाळ उपसून नेतो तेव्हा कुठे पुन्हा घरघर सुरू. मुसळही झिजतं, दर पावसाळ्यात नवं लागतं.

पावसाळ्यात जाण्यात अर्थ नाही, सगळं पाण्याखाली असतं. हिवाळा संपता संपता, पाणी उतरलेलं असताना जावं. उन्हाळ्यात धरणातून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं असेल तर भर मार्चमध्येही नदी भरून वाहते, तेव्हा निघण्याआधी तिकडे कुणाला तरी विचारलेलं बरं. तळ दिसायचा तर ऊन डोक्यावर हवं, आणि ऊन डोक्यावर असताना त्या कातळावर अनवाणी उभं राहवत नाही. चप्पल नको, खाचांचा रबरी तळ असलेला बूट हवा. पाण्याने घोटलेला बेसाल्ट कोरडा असतो तोवर ठीक. त्यावर शेवाळाचा हिरवा हात फिरला की तिथे पाय टाकू नये. आणि काठावर ओणवं होऊन सेल्फी तर नकोच. बऱ्याच खळग्यांचं तोंड अरुंद आणि पोट रुंद असतं, रांजणासारखंच. आत पडलेल्याला वर यायला हाताशी काही लागत नाही, भिंत आतल्या बाजूला पळते. पोहता येणाऱ्याचीही तिथे तीच गत.

गंमत म्हणजे या गावाचा भांड्यांशी संबंध नदीपुरता संपत नाही. चैत्र वद्य अष्टमीला मळगंगेची यात्रा भरते, तेव्हा बारवेतून देवीची घागर आपोआप वर येते अशी श्रद्धा आहे. नदीत रांजण, बारवेत घागर. तिकडे नाणेघाटाच्या तोंडाशीही एक दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात, पण तो माणसाने छिन्नीने घडवलेला. कुकडी उगम पावते ती त्याच नाणेघाटाच्या बाजूला. आता यावरून काही सिद्ध करायचं नाही. जुळतंय म्हणून सांगितलं.

नदीच्या वरच्या अंगाला माणिकडोह धरण आहे, येडगाव धरण आहे. शेतांना पाणी मिळालं, ते हवंच होतं. पण वरून गडगडत येणारे गोटे आता धरणाच्या भिंतीमागे गाळात बसतात आणि पूरही दारं मोजून सोडला जातो. तळाशी आहेत तेवढीच मुसळं उरली म्हणायची. गुळगुळीत, काळी, तळहातात मावणारी. त्यांतलं एखादं उचलून, रुमालात गुंडाळून, मनीप्लांटच्या कुंडीत ठेवायला घरी नेणारी माणसं दर रविवारी येतात.