हिमोग्लोबिन १४.२

लॅबमध्ये नाइट ड्युटी म्हणजे मशीनमध्ये रक्त घालायचं आणि कागद काढायचा असं लोकांना वाटतं, पण निम्मी रात्र जाते ती सँपल परत पाठवण्यात. गोठलेलं, सलाइनच्या हातातनंच काढलेलं, व्हायलवर नावच नसलेलं. त्यामुळं त्या रात्री कॅज्युअल्टीचे मामा जांभळ्या टोपीची व्हायल घेऊन आले आणि आतलं रक्त चॉकलेटी दिसलं तेव्हा मी नेहमीचंच केलं, रिजेक्ट, रिपीट पाठवा. वाटलं भलत्याच बाटलीत काढून मग यात ओतलंय, तसं करतात काहीजण.

वीस मिनिटांनी दुसरी व्हायल आली. तीही तशीच.

पेशंट पेठवडगावकडचा, तिशीतला, ढबू मिरची करणारा. ओठ-नखं काळीनिळी, ऑक्सिजन फुल चालू, आणि बोटावरच्या प्रोबवर ८५, तो आकडा हलायलाच तयार नाही. शेतकरी म्हटल्यावर कीटकनाशक पोटात गेलं असणार असं धरून डॉक्टरांनी त्यावरचं इंजेक्शन, ॲट्रोपिन, काढून ठेवलेलं. आमच्याकडं बहुतेकदा तेच असतं हे खरं, पण बाहुल्या बारीक नव्हत्या, तोंडाला फेस नव्हता, मग जरा थांबून घरच्यांना नीट विचारायला काय हरकत होती?

सीबीसी लावला. हिमोग्लोबिन १४.२. ब्लड गॅसमध्ये ऑक्सिजनचा दाब ३०० च्या वर, सॅच्युरेशन ९९. कागदावर ठणठणीत माणूस आणि तिकडं तो गुदमरतोय. त्याच आठवड्यात ५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या एक मावशी स्वतःच्या पायानं चालत ओपीडीत आलेल्या. त्यांचं हळूहळू कमी झालेलं, हृदय जास्त पळून भागवत होतं, तांबड्या पेशीही ऑक्सिजन सहज सोडायला लागलेल्या. याच्या शरीराला तेवढा वेळच मिळाला नव्हता.

तेव्हा मला डीएमएलटीला, म्हणजे लॅबच्या डिप्लोमाला असताना हातानं केलेली ड्रॅबकिनची टेस्ट आठवली, हिमोग्लोबिन मोजायची. त्यातलं फेरीसायनाइड सगळं हिमोग्लोबिन आधी मेटहिमोग्लोबिन करतं आणि मग मोजतं, म्हणजे पेशंटच्या अंगातच ते तसं झालेलं असेल तर मोजणाऱ्याला कळणारच नाही. आताची मशीनंही वेगळ्या केमिकलनं तसंच काहीतरी करतात. हिमोग्लोबिनमधलं लोह फेरसचं फेरिक झालं की तेच मेटहिमोग्लोबिन, त्याला ऑक्सिजन धरता येत नाही, आणि शेजारचं चांगलं लोह आपल्याकडचा ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, पेशींना सोडत नाही. गॅस मशीनचं ९९ तर नुसतं दाबावरनं काढलेलं गणित, मोजलेलं नव्हेच. खरं मोजायला को-ऑक्सिमीटर लागतो आणि तो आमच्याकडं नाही, दोनदा मागून झालाय.

मग फिल्टर पेपर घेतला. एका बाजूला त्याच्या रक्ताचा थेंब, शेजारी माझ्या स्वतःच्या बोटाचा. माझा हवा लागून बघता बघता लालभडक झाला. त्याचा तपकिरी तो तपकिरीच, फुंकून बघितलं, हलवून बघितलं, तसाच. इतकी साधी टेस्ट, एक रुपया खर्च नाही. तो कागद हातात घेऊन मी जिना उतरत कॅज्युअल्टीत गेले, फोनवर सांगून कुणी ऐकलं नसतं.

बाहेर बायको बसलेली. काय प्यायलेत विचारल्यावर तिनं पिशवीतनं कोल्ड्रिंकची बाटली काढली. ''इख न्हाई वो ताई, फुलं धरायचं टॉनिक हाय, झाकण फुटलं म्हणून ह्यात वतलं हुतं.'' बाटलीला बूटपॉलिशसारखा वास. नायट्रोबेंझीन, हिमोग्लोबिनचं मेटहिमोग्लोबिन करणारं विष. तहान लागली म्हणून अंधारात तोंडाला लावलेली. दुकानदार टॉनिक म्हणून विकतो, घरात टॉनिक म्हणून ठेवतात, या एका शब्दानं माणसं मरतील आणि कुणालाच काही वाटत नाही याची मला भयंकर चीड आहे.

यावरचं औषध मिथिलीन ब्ल्यू, मेटहिमोग्लोबिन परत साधं करणारं. माझ्या टेबलावर त्याची अख्खी बाटली होती, पण ती स्लाइड रंगवायची, शिरेतनं द्यायची नव्हे. इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमध्ये सापडलं, फिस्टुलाचा (भगंदरासारख्या नळीचा) मार्ग बघायला सर्जन ठेवतात ते. डॉक्टरांनी कागद बघितला, एका शब्दानं वाद घातला नाही, याबद्दल त्यांना मानलं. ६० किलोचा माणूस, ६० मिलिग्रॅम, ५ मिनिटांत सावकाश. देताना प्रोबवरचा आकडा ६० च्या घरात कोसळला आणि बायकोनं हंबरडा फोडला. निळ्या रंगानं प्रोब फसतो हे डॉक्टरांना माहीत होतं, तिला कोण सांगणार, मीच हात धरून उभी राहिले. पाऊण तासात ओठांचा रंग फिरला. लघवी हिरवी-निळी झाली तेव्हा ती परत घाबरली.

पहाटे तो पुन्हा काळवंडला. हे विष चरबीत साठतं आणि हळूहळू रक्तात येत राहतं, त्यामुळं दुसरा डोस लागला. सहाव्या दिवशी घरी गेला. जाताना दोघं लॅबच्या खिडकीशी येऊन नमस्कार करून गेली, मला धड बोलता आलं नाही.

आमच्या रिजेक्शन रजिस्टरला त्या रात्रीची एंट्री आहे, माझ्याच अक्षरात. वेळ ११.४०, कारण: रंग बरोबर नाही.