ल गेला

धूळ पुसायला म्हणून कीबोर्ड उचलला आणि तो हातातून निसटला. आधी माझ्या गुडघ्यावर, मग फरशीवर. जुना आयबीएमचा मॉडेल एम, वजन दोन किलोंच्या आसपास. आधी गुडघा बघावा की कीबोर्ड, असा प्रश्न मला पडलाच नाही. वरून त्याला ओरखडासुद्धा नव्हता. कानाशी धरून हलवला, तर आत काहीतरी खुळखुळलं. 'असेल काहीतरी' म्हणून मी तो तसाच पुन्हा जोडला. यंत्राच्या बाबतीत मी नेहमी असंच करते; नको तो आवाज आला की थोडा वेळ ऐकू न आल्यासारखं करायचं.

मग एका मैत्रिणीला 'मला वेळ नाही' असं कळवायला बसले. पडद्यावर उमटलं, 'मा वे नाही'.

इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टायपिंगच्या प्रमाणित कळ-मांडणीत, इंग्रजी एनच्या जागी ल असतो आणि शिफ्ट दाबून ळ. एका खोलीतले दोन भाडेकरू. खोली कोसळली, दोघेही बाहेर. शेजारचे व आणि स जिवंत होते, पण चारदा हाक मारावी तेव्हा एकदा ओ देत. मी उगाचच 'ललित' लिहून पाहिलं. नुसती वेलांटी आणि त उरले, आणि ती वेलांटी बिचारी ठिपक्यांच्या पोकळ गोलाला लटकून राहिली. अनाथ मात्रांना कंप्युटर असा एक गोल देतो, धरायला.

खोलायचा धीर होईपर्यंत दोन दिवस गेले. तोवर ल टाळून लिहायचं ठरवलं. (दुसरीकडचा ल उचलून हवा तिथे चिकटवता आला असता, एकदोनदा तसं केलंही. पण दर शब्दाला अक्षर उसनं आणायचं म्हणजे लाजच वाटते.) वाटलं, एवढ्या मोठ्या वर्णमालेत दोन अक्षरं कमी, काय बिघडतं? आणि मग कळलं की मराठीचा जवळजवळ अख्खा भूतकाळ या लवर टांगलेला आहे. आला, गेली, केलं, बसले, हरवलं: काही म्हणता काही लिहिता येईना. भविष्यही निम्मं जातं. तो येईल, ती करेल, पाऊस पडेल, सगळं बंद. 'मी करीन' आणि 'आपण बघू' तेवढं चालतं, म्हणजे आश्वासनं शाबूत. कीबोर्डच्या बटणाला मराठीत कळ म्हणतात, तर तीसुद्धा त्या कीबोर्डवर लिहिता येईना.

तिसऱ्या दिवशी खोलला. मागच्या कडेला खोल भोकांत 4 स्क्रू असतात, साडेपाच मिलिमीटरच्या षट्कोनी डोक्याचे. भोकं इतकी अरुंद की साधा पाना आत शिरतच नाही. बारीक, लांब नळीचा पाना लागतो. हे मला माहीत होतं आणि तसा पाना घरात होताही. तरी आधी अर्धा तास चिमट्याने झटापट केली. योग्य हत्यार सगळ्यात शेवटी घ्यायचं, ही माझी जुनी खोड.

या कीबोर्डच्या पोटात दर कळीखाली एक स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या पायाशी नखाएवढी प्लास्टिकची हातोडी. कळ दाबली की स्प्रिंग आधी निमूट दबत जाते. मग एका क्षणी तिचा धीर सुटतो आणि ती कंबरेत वाकून नळीच्या भिंतीवर आदळते. तोच तो 'खट्'. त्याच झटक्याने हातोडी कलते, खालच्या पातळ पटलावर टेकते आणि अक्षर उमटतं. ही कल्पना रिचर्ड हंटर हॅरिस या इंजिनिअरची. त्याच्या 1972 च्या पेटंटच्या नावात 'कॅटास्ट्रॉफिकली' असा शब्द आहे. एक स्प्रिंग वाकते, तर थेट प्रलय! हातोडीची ही रचना त्याच्याच 1978 च्या पेटंटातली, आणि मॉडेल एम आला 1985 मध्ये. माझ्या कीबोर्डच्या पाठीवर त्याच्या जन्मतारखेची चिठ्ठी आहे, 1989 ची. तेव्हापासून अक्षरागणिक एक प्रलय, आणि तरी तो चालत होता. मी पाडेपर्यंत.

खुळखुळत होते ते रिव्हेट. वरची प्लास्टिकची चौकट आणि खालचा पोलादी पत्रा यांना एकत्र धरून ठेवणारी बारीक प्लास्टिकची बोंडं. प्लास्टिक वयाबरोबर ठिसूळ होतं, त्यात माझ्या हाताचं निमित्त झालं. खालच्या ओळीजवळची सात तुटली होती. तिथे पत्रा सैल पडला आणि लच्या हातोडीला टेकायला धड जमीनच उरली नाही.

यावर उपाय ठरलेला आहे. उरलेली बोंडंही तासून काढायची, त्या जागी बारीक भोकं पाडायची आणि 2 मिलिमीटर जाडीचे स्क्रू-नट लावायचे. सांगायला सोपं. पण चौकट आणि पत्रा वेगळे झाले की 101 कळींच्या हातोड्या आणि स्प्रिंगा एकदम मोकळ्या होतात. मी चौकट पालथी घातली, श्वास धरून पत्रा उचलला, आणि तरी एक स्प्रिंग गेलीच. टिंग करून आवाज झाला, तो नेमका कुठून आला ते कळलं नाही.

हे बघून बाबा आठवले. मधल्या दोन दिवसांत, काहीतरी लिहायचं म्हणून, त्यांच्याविषयी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्या तशाच देते:

'बाबांच्या हातून स्क्रू निसटायचा, तेव्हा ते वाकून शोधायचे नाहीत. तसाच दुसरा स्क्रू घ्यायचे आणि मुद्दाम त्याच जागेवरून सोडायचे, हा कुठे जातो ते बघायचं म्हणून. बहुधा दोन्ही हरवायचे. मग मी बॅटरी घेऊन कपाटाच्या बुडाशी, आणि बाबा वरून सूचना द्यायचे, "उजवीकडे. अजून आत." त्यांना उभ्याउभ्या काहीच दिसत नसायचं, तरी सूचना ठाम. मी बाहेर यायची तेव्हा मुठीत शर्टाचं बटण, पेनाचं टोपण, गंजकी टाचणी, मागच्या वर्षीचा नट असं काहीबाही असायचं. फक्त आमचा स्क्रू नसायचा. बाबा ते बटणसुद्धा पुसून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे.'

ठेवताना ते 'लागेल' म्हणायचे. तो शब्द मात्र तेव्हा लिहिता आला नव्हता.

पांगळ्या कीबोर्डवर लिहिलेल्या या ओळींत ल एकदाही नाही आणि तो नाही म्हणून काही अडलंही नाही. शोधायचे, द्यायचे, ठेवायचे. व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. रोजच्या सवयीच्या भूतकाळाला ल लागत नाही, एकदाच घडून संपलेल्या गोष्टींना लागतो.

असो. स्प्रिंग सापडेना, तेव्हा मीही दुसरी स्प्रिंग मुद्दाम त्याच जागेवरून सोडली. ती दोन उड्या मारून टेबलाच्या पायाशी थांबली, आणि पहिली तिच्या शेजारीच होती. इतक्या वर्षांत ती युक्ती पहिल्यांदा चालली.

नट सहा कमी पडले. ते डब्यात मिळाले. नेमक्या त्याच मापाचे, कशातून निघालेले देव जाणे. स्क्रू आवळताना एका टोकाकडून सुरुवात करायची नाही, थोडा इकडचा, थोडा तिकडचा, असं फिरत राहायचं. एकाच जागी जोर दिला तर चौकटीला तडा जातो. शेवटी कीबोर्ड भिंतीला टेकवून उभा केला आणि कळींची काढलेली टोपणं एकेक करून बसवली. आडव्यावर बसवली तर स्प्रिंग आत तिरकी राहते आणि कळ मुकी होते.

कॉम्प्युटर सुरू केला. ओळभर ल लिहिला. खट्खट् करत सगळे आले, एकही चुकला नाही. व आणि स तपासले. मग बाबांवरच्या त्या चार ओळी उघडल्या. कर्सर शेवटी लुकलुकत होता. तिथे पुढे अजून एक वाक्य येतं, दोनच शब्दांचं, आणि आता ते लिहिता येण्यासारखं होतं.

मी तेवढ्यात ळ तपासून घेतला. तोही उत्तम चालतोय.