हलव्याचं पाणी

इंदूरमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून खुर्चीत बसलं की दिवसातून दहा वेळा एक वाक्य ऐकावं लागतं: "आम्ही तर शाकाहारीच आहोत, मॅडम." म्हणजे आमच्या खाण्यात शोधण्यासारखं काही नाही, तुम्ही वजनाचा कागद द्या नि आम्ही निघतो. पोहे शाकाहारी, वरची मूठभर शेव शाकाहारी, सोबतची जिलबी, अकराची कचोरी, रात्री सराफा बाजारातलं चटरमटर, सगळंच शाकाहारी. साखर 250 वर आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, 300 वर असलेली माणसं मला हे अगदी निरागसपणे सांगतात.

रामबागेतले हे काका मात्र तसे नव्हते. निवृत्त गणित शिक्षक, वय 64, मधुमेह 11 वर्षांचा, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 8.6. मेटफॉर्मिन चालू होतं आणि सोबत ग्लिमेपिराइड, सकाळ-संध्याकाळ. डिसेंबरच्या सुरुवातीला ते चौकटीची वही घेऊनच आले. म्हणाले, "पूर्ण वनस्पतीजन्य आहार करायचा ठरवलंय. दूध, दही, तूप सगळं बंद. पण व्हिडिओ बघून नाही, तू सांगशील तसं करणार." असा रुग्ण वर्षातून एखादाच येतो. मला फार आनंद झाला होता, आणि तो लपवलाही नाही.

कालच्या दिवसात काय काय खाल्लं असं विचारून मी थांबत नाही, कारण शेव कुणालाच आठवत नाही. माझ्या टेबलाच्या खणात 150 मिलीची वाटी, पोह्यांची बशी आणि तीन मापांचे चमचे असतात, ते पुढे ठेवते. आणि तेल कधीच रोजचं विचारत नाही. डबा केवढा, किती दिवस पुरतो आणि घरात माणसं किती, एवढंच विचारते. काकू म्हणाल्या, सोयाबीन तेलाचा पंधरा किलोचा डबा चार महिने जातो, आम्ही दोघंच. काकांनी तिथल्या तिथे वहीत भागाकार केला: माणशी रोज 62 ग्रॅम. स्वतःच चरकले. साडेपाचशेच्या वर कॅलरी नुसत्या तेलातून, आणि तेही "आमच्याकडे तळण फारसं नसतं" अशा घरात.

मग आखणी केली. गव्हाच्या चार पोळ्यांऐवजी ज्वारीच्या दोन भाकऱ्या. रोज दोन वेळा डाळ किंवा कडधान्य: मसूर, चवळी, मोड आलेले मूग. हिवाळा होता, बथुआ, म्हणजे चाकवत, आणि मेथी दारावर येत होती. फळ अख्खं खायचं, रस काढायचा नाही. तेल माणशी तीन चमचे, चमचा माझ्या खणातला. साखर, गूळ, मध घरातच ठेवायचा नाही, कारण हाताशी असलं की चहात जातंच. हे शेवटचं मीच सांगितलं होतं.

त्यांना पटावं म्हणून एक अभ्यासही सांगितला. 2006 साली अमेरिकेत नील बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप 2 मधुमेहाच्या 99 जणांवर 22 आठवडे प्रयोग केला. त्यातल्या 49 जणांना कमी चरबीचा, पूर्ण वनस्पतीजन्य आहार दिला. त्यांचं एचबीएवनसी सरासरी जवळजवळ एक टक्क्याने उतरलं. काकांनी तो आकडा वहीत चौकट करून लिहिला. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मी सांगितला नाही: त्या 49 पैकी 21 जणांची मधुमेहाची औषधं कमी करावी लागली होती.

सहा आठवड्यांत उपाशीपोटीची साखर 168 वरून 109 वर आली. वजन साडेतीन किलो उतरलं. बद्धकोष्ठ गेलं, हे काकूंनी हळूच सांगितलं. काका म्हणाले, "पोट इतकं भरलेलं राहतं की दुपारी भूकच नसते, एका भाकरीत होतं." मी शाबासकी दिली. फाइलवर लिहिलं, "औषधाचा डोस तपासावा", आणि त्यांच्या डॉक्टरांच्या नावे चार ओळींची चिठ्ठी दिली.

फोन आला तो संक्रांतीनंतर, रथसप्तमीच्या आत. दुपारचे दोन वाजून गेले होते. काकूंचा आवाज चढलेला. "अगं, हे कसंतरीच करताहेत. मघाशी माझ्या अंगावर ओरडले, आता नुसते बसलेत. शर्ट भिजलाय घामाने. बीपी वाढलं का?"

इतक्या थंडीत भिजलेला शर्ट. मी विचारलं, दुपारी काय जेवले? अर्धी भाकरी. सकाळी फिरायला? रोजच्यापेक्षा दोन चकरा जास्त. गोळी? "घेतली ना, ते कधी चुकवतात का!"

"काकू, मशीनवर साखर बघा." बोट टोचेपर्यंत, पट्टी सापडेपर्यंत, चष्मा लावेपर्यंत तीन मिनिटं गेली असतील. मला आकडा ऐकू आला, 48. धोक्याइतकी कमी.

"तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजा, आत्ता."

पलीकडे काही क्षण कुणी बोललं नाही. मग, "साखर? यांना? आणि अगं, घरात साखर आहे कुठे? तूच तर..."

गूळ नाही, मध नाही, दूध नाही. भाजी-भाकरीच्या त्या स्वयंपाकघरात लगेच रक्तात उतरेल असा एक चमचाही मीच ठेवू दिला नव्हता. काकू म्हणाल्या, हळदीकुंकवाचे तिळगूळ आहेत. ते नको म्हटलं, तिळात तेल असतं, साखर चढायला वेळ लावतं, शिवाय या अवस्थेत चावताना ठसका लागेल. मग एकदम सुचलं. "हलवा आहे का? काटेरी?" होता. पाच-सहा घरच्या पुड्या देव्हाऱ्याजवळ तशाच पडल्या होत्या. हलवा म्हणजे एका तिळावर चढवलेली निव्वळ साखर. "दोन मुठी बत्त्याने कुटा, कोमट पाण्यात विरघळवा, गाळा. आधी त्यांना नाव विचारा. उत्तर देतात? एक घोट गिळतात का बघा, मगच पुढचा द्या. गिळत नसतील तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात."

फोन ओट्यावर ठेवलेला. खलबत्त्याचा आवाज येत होता. काकांनी नाव सांगितलं, चिडून, आडनावासकट. पंधरा मिनिटांनी साखर 63. पुन्हा तेवढंच पाणी. मग 94.

94 आली म्हणून मी सोडलं नाही. ग्लिमेपिराइडचा अंमल चोवीस तासांपर्यंत राहू शकतो. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, ताटात चार पोळ्या आहेत की अर्धी भाकरी, हे तिला कळत नाही. शेजारच्या मुलाने गाडी काढली, मीही थेट दवाखान्यात पोचले. संध्याकाळी साडेसहाला साखर परत 58 झाली. ग्लुकोजची सलाईन लावली, रात्रभर ठेवून घेतलं.

तिथे काकूंनी आकडे दाखवायला वही उघडली आणि आतून माझी चिठ्ठी खाली पडली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. काका तिचा खूण म्हणून वापर करत होते. डॉक्टरांची तारीख मार्चमध्ये होती, तेव्हा द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. सांगितलेलं तंतोतंत करणारा माणूस. मनानेच गोळ्या अर्ध्या करणारे माझे कितीतरी रुग्ण आहेत, त्यांच्यावर मी चिडते. त्यांच्यापैकी कुणी असता तर कदाचित त्या दुपारी नीट बसून राहिला असता.

मी फोन का केला नाही, हे मला रोज आठवतं. पूर्वी तीन-चार डॉक्टरांना केले होते. "तुम्ही डाएट बघा, औषधाचं आम्ही बघतो," असं ऐकून गप्प बसले होते. ओपीडीत एका रुग्णाला चार मिनिटं मिळतात, त्यात ताटाचा विषय कधी निघत नाही, हे खरं. पण काकांचे डॉक्टर त्यातले नव्हते. त्यांनी शांतपणे ग्लिमेपिराइड बंद केलं, मेटफॉर्मिन ठेवलं आणि मला म्हणाले, "109 आल्या दिवशी सांगायचं होतंत." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनीच बी12 तपासायला लावलं. 11 वर्षं मेटफॉर्मिन, जन्माचा शाकाहार, वर आता दूधही बंद. वनस्पतीत बी12 नसतंच, आणि मेटफॉर्मिनने त्याचं शोषण कमी होतं. निघालं 148, म्हणजे कमीच. पायांच्या मुंग्या सगळ्यांनी मधुमेहाच्या खात्यावर टाकल्या होत्या, मीसुद्धा. आता इंजेक्शनं चालू आहेत. आधी हे तपासून मगच दूध बंद करायला हवं होतं.

घरात मात्र वेगळाच निकाल लागला. मुलगा बेंगळुरूहून आला आणि म्हणाला, "घासफूस खाऊन अशक्तपणा आला, चक्कर येणारच." नातेवाइकांत तेच पसरलं. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, अशक्तपणा नव्हता हो, आहार लागू पडला होता. साखर खाली येत गेली आणि गोळी होती तेवढीच राहिली. मुलाने ऐकून घेतलं आणि जाताना तुपाची बरणी ठेवून गेला.

काका गेल्या आठवड्यात आले होते. ग्लिमेपिराइडशिवाय उपाशीपोटी 118. खिशात कागदाची पुडी होती, तिच्यात उरलेला हलवा. भाकरी चालू आहे, बरणी अजून उघडलेली नाही, पण मुलगा रोज रात्री फोन करून विचारतो. "त्याला काय सांगू?" असं त्यांनी मला विचारलं. मी वही मागितली, सहा आठवड्यांचे आकडे एका ओळीत लिहून काढले, खाली गोळीचा डोस लिहिला, जो कुठेच बदलला नव्हता, आणि म्हटलं, याचा फोटो पाठवा. मग त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला.