तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रिटिश चित्रकारांवरचं पहिलं पुस्तक कुठलं घेऊ?

घरी आलेलं माणूस पुस्तकांच्या कपाटासमोर जरा रेंगाळलं की पुढे काय विचारणार ते मला कळतं. टर्नर, कॉन्स्टेबल, ब्लेक, फ्रॉइड, हे सगळं तू कशासाठी वाचतेस, आणि मला वाचायचं झालं तर सुरुवात कशाने करू? हल्ली मेसेजवरही हेच येतं, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी, ते गुळगुळीत कागदाचं, मांडीवर धरवत नाही इतकं जड चित्रांचं पुस्तक घेऊ नका. चित्रं आता म्युझियमच्या साइटवर ब्रशचा फटकारा दिसेपर्यंत झूम करून बघता येतात आणि तीही फुकट. पुस्तक घ्यायचं ते माणूस भेटावा म्हणून. आणि घेताना एक गोष्ट आवर्जून बघायची, लिहिणारा त्या चित्रकाराचा कोण लागतो? मित्र, बायको, की समोर खुर्चीत तासन्‌तास बसलेला माणूस? माझ्या मते पुस्तक कसं होणार ते तिथेच निम्मं ठरतं.

माझी सुरुवात कॉन्स्टेबलपासून झाली. मावशीच्या हॉलमध्ये एक फ्रेम होती, नदीच्या उथळ पाण्यात उभी असलेली गाडी, डावीकडे बसकं घर, काठावर कुत्रा, वर ढगच ढग. ते चित्र 'द हे वेन' आहे, १८२१ सालचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मला ते फक्त शांत वाटायचं, म्हणजे दुपारी जेवून सगळे आडवे झालेत आणि आपण एकटेच जागे आहोत तसं. पुढे नोकरीला लागल्यावर लोकलमध्ये वाचायला म्हणून चार्ल्स रॉबर्ट लेस्लीने लिहिलेलं कॉन्स्टेबलचं चरित्र फोनवर उतरवून घेतलं. १८४३ चं पुस्तक, म्हणजे कॉन्स्टेबल जाऊन सहा वर्षं झाल्यावरचं. लेस्ली स्वतः चित्रकार आणि त्याचा जवळचा मित्र. आणि त्याने फार शहाणपणाची गोष्ट केलीय, जमेल तिथे स्वतः गप्प बसलाय आणि मित्राची पत्रं पुढे ठेवलीयत.

त्यातलं एक पत्र मी इतक्यांदा वाचलंय की विचारू नका. ऑक्टोबर १८२१, जॉन फिशर नावाच्या धर्मगुरू मित्राला लिहिलेलं. कॉन्स्टेबलचे वडील सफोक परगण्यात स्टूर नदीवर पाणचक्क्या चालवायचे, धान्य दळायचा धंदा. पत्रात तो म्हणतो की चक्कीच्या बांधावरून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज, विलोची झाडं, कुजलेल्या जुन्या फळ्या, शेवाळलेले खांब, विटांचं बांधकाम, हे सगळं मला आवडतं. नदीकाठच्या त्या बेफिकीर लहानपणानेच मला चित्रकार केलं, असंही म्हणतो. शेवाळलेले खांब! त्या काळी निसर्गचित्र म्हणजे इटलीतल्या पडक्या देवळांचे खांब आणि सोनेरी संध्याकाळ, आणि हा माणूस शेवाळावर जीव टाकतोय. ते वाचल्यावर मी मावशीकडे जाऊन ती फ्रेम परत बघितली आणि पहिल्यांदा माझं लक्ष गाडीवरून खाली पाण्याकडे गेलं.

लेस्लीच्याच पुस्तकात व्हायोलिनचा किस्सा आहे. सर जॉर्ज ब्युमाँट हे मोठे रसिक, संग्राहक, कॉन्स्टेबलला मनापासून मानणारे, पण त्यांचं म्हणणं असं की चित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनसारखा तपकिरी हवा. जुन्या उस्तादांची चित्रं व्हार्निश काळवंडून तशी झालेली होती आणि लोकांना तोच खरा रंग वाटायला लागला होता. कॉन्स्टेबलने वाद घातला नाही. एक जुनं व्हायोलिन उचललं आणि घरासमोरच्या हिरव्या गवतावर नेऊन ठेवलं. बस्स. हिरवळीवर पडलेलं ते तपकिरी लाकूड मला अगदी समोर दिसतं, कलेच्या इतिहासाची दहा प्रकरणं वाचून जे कळलं नसतं ते त्या एका कृतीत कळतं.

आणि मग ढग. लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर राहायला गेल्यावर १८२१ आणि १८२२ मध्ये तो नुसते ढग रंगवायचा, छोट्या कागदांवर, ऑइलमध्ये, उघड्यावर उभं राहून, आणि मागच्या बाजूला लिहून ठेवायचा, तारीख, सकाळचे किती वाजलेत, वारा कुठल्या दिशेचा, नंतर पाऊस आला का. शेतकऱ्याच्या घरात पावसाची नोंद ठेवतात ना तसं. चक्कीवाल्याच्या मुलाला आभाळ वाचता यावंच लागतं, वाऱ्यापावसावर घर चालायचं. हे कळल्यावर त्याचं आभाळ मला शोभेचं वाटेनासं झालं.

त्याच्या बायकोचं, मरियाचं प्रकरण मात्र लोकलमध्ये वाचू नका. सात वर्षं थांबून, तिच्या आजोबांचा विरोध पत्करून १८१६ मध्ये लग्न, सात मुलं, आणि १८२८ च्या नोव्हेंबरात ती क्षयाने गेली. रॉयल अकॅडमी या चित्रकारांच्या मोठ्या संस्थेने त्याला पूर्ण सभासद करून घेतलं ते पुढच्याच फेब्रुवारीत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. तेव्हा तो बोलून गेला की हे इतकं उशिरा आलं, की आता मी एकटा आहे आणि सांगायला कोणी नाही. मी तेव्हा ठाण्याच्या आधीच उतरून बाकावर बसून राहिले होते.

पण मित्राने लिहिलेल्या पुस्तकाची एक बाजू तुम्हाला सांगायलाच हवी. लेस्लीचा कॉन्स्टेबल फार गोड माणूस आहे. पुढे आर. बी. बेकेट यांनी १९६० च्या दशकात त्याचा सगळा पत्रव्यवहार सहा खंडांत छापला, त्यात तोच माणूस चिडका, तिखट जिभेचा, सतत कोणी आपल्याला डावलतंय असं वाटणारा दिसतो. लेस्लीने मित्राच्या तोंडचं तिखट कमी करून वाढलं होतं. म्हणून मी लेस्लीला कमी मानत नाही, आपणही गेलेल्या माणसाबद्दल तसंच बोलतो, पण आधी लेस्ली वाचा आणि मग बेकेटचा निदान एक खंड तरी चाळा, कारण तो चिडका कॉन्स्टेबल मला जास्तच जवळचा वाटला.

बायकोने, चित्रकाराच्या नव्हे तर लिहिणाऱ्याच्या बायकोने, पूर्ण केलेलं पुस्तक म्हणजे कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकचं चरित्र. ब्लेक १८२७ मध्ये गेला आणि त्यानंतर त्याला लोक जवळजवळ विसरले होते. अलेक्झांडर गिलख्रिस्ट नावाच्या तरुण लेखकाने ब्लेकला ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गाठून गाठून माहिती जमवली, आणि १८६१ मध्ये पुस्तक अर्धवट असताना घरात स्कार्लेट फीव्हर हा संसर्गाचा ताप शिरला आणि तो तेहतिसाव्या वर्षी गेला. चार मुलं पदरात असलेल्या त्याच्या बायकोने, ॲन गिलख्रिस्टने, चित्रकार-कवी डांटे गॅब्रिएल रोझेटी आणि त्याचा भाऊ विल्यम यांच्या मदतीने ते काम पुरं केलं आणि १८६३ मध्ये दोन खंड बाहेर आले. आज ब्लेक सगळ्यांना माहीत आहे त्यात त्या बाईंचा वाटा किती आहे, हे कोणी फारसं बोलत नाही म्हणून मी प्रत्येकाला सांगते.

समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचं पुस्तक हवं असेल तर मार्टिन गेफर्डचं 'मॅन विथ अ ब्लू स्कार्फ'. समीक्षक असलेला गेफर्ड लुशियन फ्रॉइड या विसाव्या शतकातल्या चित्रकारासमोर महिनोन्‌महिने पोर्ट्रेटसाठी बसला आणि डायरी लिहीत गेला. फ्रॉइड किती हळू काम करतो, एक फटकारा मारून ब्रश चिंधीला कसा पुसतो, मग परत रंग कसा मिसळतो, हे सगळं त्यात आहे. वाचायला मजा येते, पण लगेच त्याच्या शेजारी चित्रकार सीलिया पॉलचं आत्मचरित्र 'सेल्फ-पोर्ट्रेट' ठेवा, प्लीज. २०१९ चं आहे. सीलिया पॉल जन्मली आपल्या तिरुवनंतपुरमला, मिशनरी आईवडिलांच्या घरी. लंडनच्या स्लेड या चित्रकलेच्या कॉलेजात शिकत असताना अठराव्या वर्षी तिला पंचावन्न वर्षांचा फ्रॉइड भेटला. कित्येक वर्षं तिचं नाव त्याची मॉडेल, त्याच्या मुलाची आई म्हणूनच घेतलं जायचं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ती स्पष्ट म्हणते की नेहमी मी त्याच्या गोष्टीत असते, इथे तो माझ्या गोष्टीत आहे. आणि खरं पुस्तक तर तिच्या आईचं आहे. ही आई तीस वर्षं लेकीसमोर चित्रासाठी बसली, जिने चढून यायची आणि बसल्या बसल्या प्रार्थना करायची. आईचा चेहरा तीस वर्षं रंगवणं म्हणजे काय असेल, मला अजून त्याचा थांग लागलेला नाही.

शेवटी एकजण हमखास विचारतो, या सगळ्यात आपलं कोणी आहे का? आहे ना! जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला, मग पुण्याला गेला, सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं त्याने काढलेलं चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. लेण्यांची चित्रं काढण्याच्या नादात तो १७९५ मध्ये साष्टीतच गेला, आणि त्याची वेरूळची रेखाटनं थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला छापली. त्याच काळात पुण्याचा इंग्रज रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी एक मराठी माणूस वेरूळ काढत होता, गंगाराम तांबट. होली शाफर यांच्या २०२२ च्या 'ग्राफ्टेड आर्ट्स' या पुस्तकात हा सगळा पुण्याचा काळ आलाय, किंमत जास्त आहे, लायब्ररीत मिळालं तर बघा.

गंगारामाला लेस्लीसारखा मित्र नव्हता आणि त्याची पत्रं कोणी जपली नाहीत. पण अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात त्याची चित्रं आहेत, साइटवर उघडून बघता येतात. त्यात एक गेंडा आहे, पेशव्यांच्या शिकारखान्यातला, म्हणजे प्राणिसंग्रहातला, नोव्हेंबर १७९० मध्ये पुण्यात काढलेला. पुस्तक येईपर्यंत आज रात्री तो बघा.